आईला उभं केलंत, त्याबद्दल

सर,

परवा तुमच्या नावाचा पुरस्कार मला मिळाला. पालघरच्या हॉलमध्ये, स्टेजवर तुमचा मोठा फोटो, त्याला झेंडूचा हार, आणि फोटोत तुम्ही तसेच हसताय, मान किंचित तिरकी करून, समोरच्याने आत्ताच काहीतरी मनातलं सांगितलंय आणि तुम्ही ते जपून ठेवणार आहात असं. पुरस्कार कळवायला फोन आला तेव्हा पलीकडचे गृहस्थ म्हणाले, ‘सरांच्या हाताखाली घडलेली मुलगी आज सरांचंच काम पुढं नेतेय, आणखी काय हवं!’ मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. तुम्ही जाऊन खूप वर्षं झाली. तुमच्या मयताला मी आले नव्हते, शोकसभेलाही नाही. पण या फोनची मी किती वाट बघत होते, ते तो ठेवल्यावर माझं मला कळलं. आनंद झाला होता, सर. तुमच्या लोकांसमोर, तुमच्या माणसांसमोर, हातात माईक मिळणार होता.

आमची खोली बोईसरला कंपन्यांच्या मागच्या अंगाला होती, नाल्याच्या कडेला. नाल्याचं पाणी कधी तांबडं, कधी निळं वाहायचं आणि आज कुठला रंग आहे ते बघायला आम्ही पोरं जायचो. बाबा त्या वर्षी गुजरातकडे कामाला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. आई डोक्यावर टोपली घेऊन कामगारांच्या खोल्यांमधून मासळी विकायची. मी सातवीत होते आणि शाळेला दांड्या मारायला शिकले होते. तुम्ही नाटक शिकवायला आलात ते अशा दिवसांत. दर रविवारी समाजमंदिरात सतरंजी अंथरून तुम्ही आम्हाला गोल बसवायचात. पाहुणे आले की आम्ही ‘धोक्यातली मुलं’ असायचो आणि पाहुणे गेले की ‘माझे वाघ’. खोटं कशाला बोलू, मला ते रविवार आवडायचे. तुम्ही आम्हाला वाघासारखं चालायला लावायचात, पोटातून आवाज काढायला लावायचात. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला पहिल्यांदा त्या समाजमंदिरात कळलं. बाहेर रिक्षावाले थांबून आत डोकवायचे आणि तुम्ही ओरडायचात, ‘बघा, बघा, तिकीट नाही!’ मी आईला घरी येऊन सगळं करून दाखवायचे. आई बोंबील साफ करता करता म्हणायची, ‘तुजा सर येडा हाय, पन चांगला हाय.’

मग तो रविवार. तुम्ही म्हणालात, प्रत्येकाने समुद्राची एक आठवण सांगायची, इथं बोललेलं इथंच राहील. मी माझी सांगितली. आई मला तिच्या माहेरी, एडवणला घेऊन गेली होती. मामाच्या घरी जायच्या आधी आम्ही सरळ समुद्रावर गेलो. भरती होती. आई माझा हात धरून पाण्यात चालायला लागली, आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग माझ्या कमरेपर्यंत, आणि माझी नवी चप्पल पायातून सुटून लाटेबरोबर निघाली. आई हात सोडून चपलेमागे धावली. दोनदा आपटली. शेवटी चप्पल पकडून, ती डोक्यावर उंच धरून, नखशिखांत भिजलेली, हसत हसत माझ्याकडे आली आणि मला ओढत बाहेर घेऊन गेली. गोलातली सगळी पोरं हसली. मीही हसले. मी सांगितलीच होती हसण्यासाठी.

तुम्ही हसला नाहीत. तुम्ही विचारलंत, ‘चपला घालूनच पाण्यात गेलात?’ मी म्हटलं, हो. ‘बाबा गेले त्याच्या आधी, की नंतर?’ मी म्हटलं, नंतर. मग तुम्ही पुढं सरकलात, माझ्या गुडघ्यावर हात ठेवलात आणि अगदी हळू म्हणालात, ‘मग आई तुला पाण्यात कशाला नेत होती, पोरी?’ मला आधी प्रश्नच कळला नाही. नंतर कळला. त्या दिवसापर्यंत माझ्याकडे समुद्रावर हसणारी आई होती, सर. तुम्ही एक प्रश्न विचारलात आणि ती काढून घेतलीत. वर सगळ्यांना म्हणालात, ‘हे आहे नाटक. हे!’

त्या आठवणीचं तुम्ही नाटक बसवलंत, आणि केळव्याचा त्याचा प्रयोग तुमच्या लेखी तुमचा सर्वांत मोठा होता. सुपारीच्या वाडीतलं रिसॉर्ट, झाडांना दिव्यांच्या माळा, पांढरी कापडं घातलेल्या खुर्च्या, मुंबईहून आलेले पाहुणे. आमच्या आयांना तुम्ही मुद्दाम टेम्पोने आणलंत. माझी आई लग्नातली साडी नेसून आली होती, केसात अबोली. मला तुम्ही सांगितलं होतंत की कुणाची गोष्ट आहे हे कुणाला कळणार नाही. चप्पल तुम्ही नाटकातून काढून टाकलीत, तिने लोक हसतात म्हणून. तिच्या जागी मला एक वाक्य दिलंत. निळ्या कापडाच्या लाटांमध्ये उभी राहून, पोटातून आवाज काढून, मी ओरडते, ‘आई, मला मरायचं नाही!’ हे मी कधी म्हटलं नव्हतं. हे तुमचं वाक्य. मी ते माझ्या आईच्या तोंडावर ओरडले.

टाळ्या पडल्या आणि तुम्ही माईक घेतलात. ‘ही खरी गोष्ट आहे,’ म्हणालात. ‘ती मुलगी तुमच्यासमोर उभी आहे. आणि जिने त्या दिवशी मागे वळायचं धाडस केलं, ती आईसुद्धा इथं बसली आहे. ताई, जरा उभ्या राहा.’ आई उभी राहिली. तिला वाटलं, आता काहीतरी बक्षीस देतायत. ती हसत उभी राहिली, पदर खांद्यावर ओढून, आणि लोक टाळ्या वाजवत होते, एक बाई डोळे पुसत होती, कुणी फोटो काढत होतं. मग तिच्या शेजारची बाई तिच्या कानाशी काहीतरी बोलली. मी स्टेजवरून बघत होते. हसू गेलं नाही. ते तिच्या तोंडावर तसंच राहिलं, नुसतं, आणि ती माझ्याकडे बघत राहिली.

आईने मला त्याबद्दल कधीच काही विचारलं नाही. फक्त तेव्हापासून मला कुठंही न्यायचं असलं की आधी दारात उभी राहून सांगायची, ‘बाजारात जातू. भाजी घेतू. मागं येतू.’ जशी काही मी पोलीस आहे. आणि एडवणला ती मला पुन्हा कधी घेऊन गेली नाही. एकटी जायची, एकटी यायची.

मी यायची बंद झाले तेव्हा तुम्ही मला घरी बोलावलंत, आठवतंय? पालघरच्या तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही स्वतः माझ्यासाठी खिचडी टाकलीत. काकू बाहेर गेल्या होत्या. टोमॅटो चिरता चिरता म्हणालात, ‘तुझं मी सगळ्यांना सांगितलं म्हणून चिडलीस ना? मग ऐक, माझं तुला सांगतो.’ आणि मला तुमच्या धाकट्या भावाची गोष्ट सांगितलीत. डोक्याने अधू होता. घरचे त्याला मागच्या खोलीत ठेवायचे, बाहेरून कडी लावून. कुणी विचारलं तर तुम्ही सांगायचात, मी एकटाच. तो आतून तुम्हाला नावाने हाक मारायचा आणि तुम्ही रेडिओ मोठा करायचात. तो त्याच खोलीत वारला. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मी विचारलं, ‘मग याचं नाटक करा की, सर.’ आणि तुम्ही सुरी खाली ठेवलीत. एवढ्या वर्षांत तुम्ही माझ्यावर एकदाच ओरडलात, ते तेव्हा. ‘अक्कल आहे का? ही माझ्या घरातली गोष्ट आहे.’

खिचडी मी खाल्ली. ती चांगली झाली होती.

तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. नंतर नोकरी लागली, आणि मग कशी कोण जाणे, मीही रविवारी पोरांना गोळा करायला लागले. बोईसरला एका बंद पडलेल्या गाळ्यात. कामगारांची हिंदी बोलणारी पोरं असतात, मासवणकडच्या पाड्यांवरची असतात, ज्यांचे आईबाप दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात. काहींनी चोऱ्या केल्यात, काहींना मार पडतो, काही नशा करतात. मी त्यांना काही विचारत नाही. माझ्याकडे एकच नियम आहे, स्वतःची गोष्ट करायची नाही. मंत्री व्हा, भूत व्हा, खेकडा व्हा. गेल्या रविवारी एक मुलगी मंत्री झाली होती. भाषणात म्हणाली, ‘मी सगल्यांना पूल देईन, नदी नसली तरी देईन!’ आणि खेकडा झालेला पोरगा तिला म्हणाला, ‘मॅडम, पहिले नदी तो दो.’ हसून हसून आमच्या पोटात दुखायला लागलं. मध्ये एक पाहुणे आले होते, म्हणाले, मुलांच्या खऱ्या कहाण्या बसवा, लोकांना भिडतात. मी त्यांना दार दाखवलं. लोक म्हणतात मी तुमचं काम पुढं नेते. दर रविवारी तो गाळा उघडताना मी तुमच्यावर दात खाऊन उघडते, हे त्यांना काय माहीत.

तर परवा. शाल, नारळ, तुमचं नाव कोरलेली वाघाची मुठीएवढी पितळी मूर्ती. पहिल्या रांगेत काकू, केस पांढरे झालेल्या, शेजारी तुमचा मुलगा आणि सून. मी माईकसमोर उभी राहिले आणि म्हटलं, ‘ही खरी गोष्ट आहे. एक मुलगा होता.’ सगळं सांगितलं. मागची खोली, कडी, हाक, रेडिओ. घाई केली नाही. तुम्ही शिकवलं होतंत तसं शेवटच्या रांगेतल्या माणसाकडे बघून बोलले. लोक माना हलवत होते, एकीने रुमाल काढला. आणि मग मी म्हटलं, ‘तो मुलगा म्हणजे आपले सर. ज्यांनी हे दुःख आयुष्यभर पोटात ठेवलं, त्यांचं कुटुंब आज इथं आहे. काकू, जरा उभ्या राहा.’

काकू उभ्या राहिल्या, सर. खुर्चीच्या पाठीला धरून. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं होतं, सभागृह गार पडेल, कुणीतरी ओरडेल, मला खाली खेचतील. कुणाला काही कळलंच नाही. त्यांना वाटलं, मी तुमचा गौरव केला. फक्त तुमचा मुलगा आईकडे वाकून काहीतरी विचारत होता, पुन्हा पुन्हा, आणि काकू समोर बघत उभ्या होत्या.

नंतर चहाच्या टेबलापाशी त्या माझ्याकडे आल्या. मी तयार होते. मला शिव्या हव्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, ‘तुला हे त्यांनी स्वतः सांगितलं?’

मी म्हटलं, ‘हो. तुमच्या स्वयंपाकघरात.’

‘मला कधी बोलले नाहीत,’ त्या म्हणाल्या. ‘मी लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी होते. दोन्ही वेळचं ताट मीच न्यायचे. मी आत असले की हे अंगणात जाऊन उभे राहायचे. मला वाटायचं, यांना त्यांचं काहीच वाटत नाही.’ मग म्हणाल्या, ‘मुलाला ठाऊक नव्हतं. आता घरी जाऊन सांगायला लागेल.’ आणि मला चहाचा कप देऊन त्या निघून गेल्या.

मला वाईट वाटलं ते त्यांचं. तुमचं नाही. तुमची कीव यावी म्हणून मी हे लिहीत नाहीये. ती आली नाही, येणारही नाही. तुमच्या घरातली गोष्ट मी तुमच्या घराबाहेर काढली, तुमच्याच पद्धतीने, तुमच्याच फोटोखाली, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा काढीन.

घरी आले तर आई जागीच होती. वय झालंय, गुडघे धरलेत, पण मासळी अजून दुसऱ्या कुणाला साफ करू देत नाही. वाघाची मूर्ती हातात घेऊन तिने उलटीसुलटी करून बघितली. ‘काय बोललीस तिथं?’

‘सरांबद्दल बोलले.’

‘बरं केलंस,’ आई म्हणाली. ‘त्यांच्यामुलं तू बोलाला शिकलीस. नायतर तोंड उगडत नव्हतीस.’ आणि तिने ती मूर्ती टीव्हीच्या बाजूला मांडली. मी काढली नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तुमचा पत्ताही आता नाही. पण एवढं लिहिलंच आहे तर हेही लिहून टाकते. त्या दिवशी एडवणला आम्ही पाण्यात कशाला गेलो होतो, हे मी आईला आजवर विचारलेलं नाही. तुम्ही जे सांगितलंत तेच मी धरून चालले. आज रविवार आहे, गाळा उघडायला अजून वेळ आहे, आणि ती आत बांगडे साफ करतेय. हाक मारली तर येईल.