एक आवृत्ती मागे

३ जून

आलो एकदाचे! सामान उतरवताना कपाटाचा पाय मोडला, माझा वाचला, म्हणजे फायद्यातच आहोत. खाली मालकीण काकूंचा भरतकामाचा कारखाना, वर आमच्या दोन खोल्या. कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली, त्यात संगणकावर चालणारं एक भलंमोठं भरतकामाचं मशीन आणि भिंतभर रंगीत रिळं. शाळांचे बिल्ले, हॉटेलांच्या टॉवेलांवरची नावं, खेळाडूंच्या टोप्या, असलं काम. मशीन थांबलं की काकूंचं पोट थांबतं, म्हणून मशीन आणि संगणक दोन्ही सांभाळायला मला ठेवलंय. पगार बेताचाच, पण खोल्यांना भाडं नाही. बायको आल्याआल्या पडद्यांची मापं घेत सुटली.

आमची लेक भिंगरी सहा वर्षांची. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून भिंगरी. तिने काकूंना पाहताक्षणी आपला पहिला पडलेला दात, म्हणजे त्याची फट, दाखवली आणि तिच्यातून शिट्टी वाजवली. काकू हसल्या. खूप दिवसांनी हसणाऱ्या माणसाचा चेहरा असा जरा अवघडतो. मला त्या फार आवडल्या.

५ जून

रोग सापडला. संगणकाने गेल्या आठवड्यात आपणहून बारावी आवृत्ती चढवून घेतली आणि तेव्हापासून तो मशीनला ओळखच दाखवत नाही. गावाकडचा काका दारात आल्यावर नव्याने श्रीमंत झालेला पुतण्या करतो, तसं. काकूंना वाटतंय त्यांच्याच हातून काही बिघडलं. माऊसला तर त्या विंचवाला भ्यावं तशा भितात.

संगणक त्यांच्या मुलाने बसवलेला. नक्ष्याही तोच काढायचा. भिंगरी जन्मली त्याच वर्षी तो मोटारसायकलवरून पडून गेला. एकुलता एक. काकूंनी हे सांगितलं ते सुईत दोरा ओवताना, मान वर न करता.

उपाय साधा आहे. दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते, आपण एक पायरी खाली उतरायचं. माझ्याकडे अकरा, दहा, नऊ, तिन्ही पेनड्राइव्हवर आहेत. जग पुढे धावतं आणि आमच्यासारखे लोक त्याला कॉलर धरून मागे ओढतात, धंदाच तो.

६ जून

अकरावी बसवली. मशीनने एक आळस दिला आणि धडाधड बिल्ले शिवायला लागलं. काकूंचा जीव भांड्यात पडला. शेजारी स्टूल घेऊन त्या सगळं बघत होत्या. पुन्हा असं झालं तर तुम्ही नसताना मी काय करू, म्हणाल्या. मग मीही गुरुजी झालो. पेनड्राइव्ह कुठे लावायचा, कुठलं बटण दाबायचं, पडद्यावरची पट्टी पूर्ण भरेपर्यंत कसं थांबायचं, सगळं दोनदा करून घेतलं. तिन्ही पेनड्राइव्ह त्यांच्याच खणात ठेवले. बाई चटकन शिकल्या. मला अभिमानच वाटला.

संध्याकाळी त्यांनी मुलाची एक नक्षी उघडली. बाराव्या आवृत्तीत ती उघडत नव्हती. निळा पक्षी, एक पंख अर्धा राहिलेला. त्या कितीतरी वेळ बघत बसल्या. मी हळूच वर निघून आलो.

९ जून

भिंगरी बोबडं बोलतेय. आधी वाटलं काकूंकडून लाड करून घ्यायला सोंग करते. पण तिचा फ्रॉक पायात येतोय. पाटीवर कालपर्यंत स्वतःचं नाव लिहायची, आज नुसत्या रेघा ओढल्या आणि मला वाचून दाखव म्हणाली.

शिट्टी वाजव म्हटलं. तिने आ केला. दात जागेवर आहे. नवा नाही, तोच, टोकाला टवका उडालेला.

बायकोला दाखवलं तर ती हसली. चार वर्षांच्या पोरीचे दात कधी पडतात का, म्हणाली. मी म्हटलं सहा. ती म्हणाली, तुझी झोप होत नाहीये.

मी या वहीत वरचं पुन्हा वाचलं. सहाच लिहिलंय.

१० जून

संगणकाला पुन्हा बारावर न्यायचं ठरवलं. शंका वेडगळ होती, पण करून बघायला काय जातं! त्याने उत्तर दिलं: हा संगणक अद्ययावत आहे. यापुढची आवृत्ती उपलब्ध नाही. बाराव्या आवृत्तीची प्रत मी स्वतः काढून ठेवली होती. तो पेनड्राइव्ह कोरा निघाला. ज्या कंपनीची ही आवृत्ती, तिला फोन केला. पलीकडच्या मुलीने अदबीने सांगितलं की बारावी अजून यायची आहे.

आमच्या धंद्यात पहिला धडा एकच. मागे जाण्याआधी सगळ्याची प्रत काढून ठेवायची. नक्ष्यांची काढली, गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची काढली. लेकीची प्रत कशावर काढणार होतो मी?

खाली खुंटीवर एक जाकीट दिसलं, पुरुषाचं. काकू त्याची बाही हातात धरून उभ्या होत्या. मला बघून सोडली.

१२ जून

मी सुट्या भागांसाठी बाजारात गेलो होतो. परत आलो तर संगणकाच्या पडद्यावर दहा.

काकूंनी केलं. लपवलं नाही. म्हणाल्या, अकरावर आल्यावर त्याचं जाकीट आलं, उशीला त्याच्या तेलाचा वास आला. मग हात थांबला नाही.

मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा वडीलधाऱ्या बाईवर ओरडलो. भिंगरीला त्यांच्यापुढे उभी केली. उभी कसली, माझं बोट धरून डुगडुगत होती. दोन वर्षांची. मला बाबा म्हणाली, बाकी शब्द गेलेत. काकूंनी तिला उचललं, पापे घेतले, खूप रडल्या. माझ्या मुलीवर त्यांचं प्रेम आहे, ते खोटं नाही. मग म्हणाल्या, लेकरू लहान झालं म्हणजे गेलं नाही ना! परत मोठं होईल. आणि समजा गेलंच, तर तुम्ही दोघं तरुण आहात, परत होईल तुम्हाला.

मी म्हटलं, होईल ती दुसरी असेल. काकू म्हणाल्या, मला तर दुसराही होणार नाही.



नवव्या आवृत्तीचा पेनड्राइव्ह मागितला. खणात नाही; अकरावीचा आहे, तो कोरा. सांगत नाहीत कुठे आहे ते.

१३ जून

बायकोला घेऊन निघून जायला बघितलं. ती म्हणते, एवढ्याशा पोरीला घेऊन कुठे वणवण करायची? तिला सहा वर्षांची भिंगरी आठवतच नाही. शिट्टी आठवत नाही. हिला बोलायला जरा उशीरच होतोय, एवढीच तिची काळजी.

मी तरीही पोरीला खांद्यावर टाकून रस्त्याच्या टोकापर्यंत गेलो. गेलो तर काय होणार? गावभर, जगभर तेच असेल. संगणक इथे आहे. परत आलो. त्याच्यावर नजर ठेवून बसणं बरं.

भरतकामाच्या मशीनवर तो निळा पक्षी. अर्धा पंख पूर्ण होतोय. कोणी काढला, कधी?

१४ जून

कारखान्याच्या दाराशीच बसलो होतो. जेवायला म्हणून वर गेलो, दोन घास — काकूंनी आतून कडी लावली.

भरदुपार. ऊन आहे. रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवतंय. दार तोडलं मी.

पडद्यावर नऊ. पट्टी निम्मी भरलीय. काकू स्टुलावर, हात जोडून.

माझा हात वायरीवर होता. ओढली की संपलं. पण अर्ध्यावर वीज तोडायची नसते — ना जुनं राहतं ना नवं, सगळंच पुसलं जातं. हे मी दहा वर्षं लोकांना सांगत आलो. दोघंही पुसली गेली तर? त्यांचा तो आणि माझी ही?

ओढली नाही. देवा, मला ओढता आली नाही.

भिंगरीला वरून घेऊन आलो, मांडीवर आहे. दुपट्यात. मूठ माझ्या बोटाभोवती. एवढीशी मूठ. लिहीत राहिलो तर राहील असं वाटतंय, म्हणून लिहितोय. हिला आंघोळ आवडत नाही. झोपताना माझा कान धरते. पळते, सारखी पळते, पडली तर आधी माझ्याकडे बघते आणि मगच रडायचं की नाही ते ठरवते —

पट्टी थोडीच उरली.

वर बायको दुपट्यांच्या घड्या घालत अंगाई गुणगुणत होती. थांबली. मधेच.

जिन्यावर शीळ. तरुण पोराची, मजेत. काकू उठल्या. दाराकडे धावल्या. असा आनंद मी कुठल्या चेहऱ्यावर —

मांडी हलकी

बायको खाली आली. म्हणते, काय झालं, असा का बसलायस? मांडीवर हे दुपटं कोणाचं? मी म्हटलं, गिऱ्हाइकाचं असेल, भरतकामाला आलेलं.

काकूंचा मुलगा छान आहे. हात मिळवला माझ्याशी. मशीन मस्त चाललंय. सगळे हसताहेत. मीही हसतोय, पण डोळ्यांचं पाणी थांबत नाहीये, आणि कशासाठी ते मला