पाण्याकडे रोखलेलं बोट

डार्मश्टाट, रविवार, १० सप्टेंबर २००६

ग्रीसहून येऊन आठवडा झाला, तरी धडधड थांबत नाही. का घाबरतेय मी अजून? समीर आत चहाचे कप विसळतोय, धडधाकट आहे.

त्या दुपारी आमची शिडाची होडी दोन बेटांच्या मधे असताना वारा एकदम फिरला, शिडाचा आडवा दांडा समीरच्या खांद्यावर बसला आणि माझा नवरा पाण्यात! उकडतंय म्हणून लाइफ जॅकेट काढून ठेवलेलं. होडी चालवणारा आमचा स्किपर यानिस ओरडला, "त्याच्याकडे बोट दाखवत राहा! नजर हलवू नकोस, मी होडी वळवतो." मी बोट रोखलं. काळं डोकं, लाट, पुन्हा डोकं. मग नुसत्याच लाटा. तरी बोट खाली घेतलं नाही, कारण यानिस त्याच दिशेने वळत होता. कुठे दाखवत होते मी? देव जाणे. शेवटी भलत्याच बाजूला समीरचा हात दिसला, मी किंचाळले, आणि आम्ही त्याला वर ओढलं.

आज जेवायला आलेल्या जर्मन मित्रांना समीर हसत सांगत होता, "गेनाऊ, अगदी असंच झालं! हिने क्षणभरही नजर हलवली नाही."

ते गेल्यावर मला राहवलं नाही. "अरे, मधे तू दिसतच नव्हतास. मी नुसत्या पाण्याकडे बोट धरलं होतं."

तो चहाची गाळणी धरून थांबला. "माहितीय मला. होडी लांब जाताना दिसत होती. मी हाका मारणं सोडून दिलं होतं."

मी त्याचा दंड घट्ट धरला. "दुखतंय गं," म्हणाला, तरी सोडवेना.