मागच्या सीटवर झोपून बघितली

अहो,

तुमच्याच निळ्या वहीत लिहितेय. गाड्यांचे दोष टिपायची ती वही. मागची चार पानं कोरी होती, म्हटलं वाया कशाला घालवायची! आज सोलापुरात जाऊन गाडी बघून आले. हायब्रिड. तुम्ही जिची वाट बघत बसलात तीच. आता हे तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला?

कारण आपली रोहिणी. सातवा संपत आलाय तिचा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला आणायचं ठरवलं, तर लेक फोनवर म्हणते, "आई, मी पुण्यातच थांबते. माळशिरसात वेळेला गाडी मिळत नाही. पप्पांचं काय झालं, विसरलीस का?" विसरलीस का, म्हणे! मी!

आठवतंय ना, माळशिरसात कुणाला गाडी घ्यायची झाली की आधी सरांना दाखवायची. शाळेत विज्ञान शिकवायचात, म्हणून तुमचा शब्द शेवटचा. दोन बोटांनी दार ओढायचं, लावताना आवाज ऐकायचा, मागं बसून गुडघ्यांना जागा किती ते बघायचं, आणि मग सुरू व्हायचं तुमचं. डिझेल बंद होणार. सीएनजीनं डिकी जाते. इलेक्ट्रिकला चार्जिंग कुठं करणार? "थांबा की जरा, हायब्रिड स्वस्त होऊ दे. ती खरी गाडी." मी काही बोलले तर, "घाई कशाला, सुमन? मशिनरी आहे, मेथीची जुडी नव्हे." स्कूटरवर तुमच्या मागं बसून बसून माझी कंबर गेली, पण आपल्या दारात गाडी काही आली नाही.

शेजारच्या हमीदभाई टेलरांनी तर बुकिंगही केलं होतं. पेढे वाटून झाले होते बिचाऱ्यांचे! ते रद्द करायला तुम्हीच लावलंत ना?

मग ती दुपार. अंगणात शेंगा फोडत बसला होतात. दरदरून घाम फुटला, तरी म्हणताय, "गॅस झालाय." ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेलेली. गल्लीत एक गाडी नाही. असेल कशी? सगळ्यांना तुम्हीच तर थांबवलेलं! हमीदभाई अनवाणी पळाले आणि अर्ध्या तासानं शेळ्यांचा टेम्पो घेऊन आले. लेंड्या झटकून त्यात तुम्हाला निजवलं. डोकं माझ्या मांडीवर. अकलूजचा दवाखाना अजून लांब होता. एका खड्ड्यात टेम्पो आदळला, तसे डोळे उघडलेत आणि काय म्हणालात?

"याचे शॉकअप गेलेत."

तीस वर्षांचा संसार, आणि शेवटचं बोलणं म्हणून मला हे दिलंत! नुसतं 'सुमन' म्हणायला काय झालं होतं हो?

लवकर पोचलो असतो तर वाचले असते का, म्हणून डॉक्टरांना विचारलं. "सांगता येत नाही," म्हणाले. नसते वाचले, असं सरळ म्हणाले असते, तर मी तुम्हाला कधीच माफ करून टाकलं असतं.

त्रेपन्नाव्या वर्षी गाडी शिकले मी. लायसन काढलं. लोक म्हणतात, बैल गेला नि झोपा केला. म्हणू देत.

आज हमीदभाईंना सोबत नेलं. शोरूमच्या मुलीनं मला स्टिअरिंगवर बसवलं. बटण दाबलं, तर आवाजच नाही! म्हणून पुन्हा दाबलं. मुलगी हसून म्हणाली, "मॅडम, चालू झाली होती. तुम्ही बंद केलीत." मग सात रस्ता चौकापर्यंत जाऊन आलो. निघताना बॅटरीवर बिनआवाजी, वेग घेतला की इंजिन हळूच साथीला येतं, ब्रेक दाबला की बॅटरी आपोआप भरते. चार्जिंगची कटकट नाही. क्लच नाही. गाडी उत्तम आहे हो! तुमचं बरोबर होतं. त्याचाच तर जास्त राग आला.

परत आल्यावर मी चपला काढल्या आणि मागच्या सीटवर आडवी झाले. पाय दुमडावे लागले. बेल्टचं बक्कल कमरेत टोचलं. ती मुलगी ॲव्हरेज सांगत होती, ती वाकून आत डोकावली. "मॅडम, बरं वाटत नाही का?"

"बरी आहे मी," म्हटलं. "माणूस झोपवून नेता येतं का, ते बघतेय."

हमीदभाई दाराशी आले. "वैनी, उठा की. लोक बघायलेत." आणि तोंड फिरवून म्हणाले, "माझी गाडी असती तर त्या दिवशी... सरांनी न्हाय म्हटलं, अन् मी बी ऐकलं. लई चुकलं वैनी." दोन वर्षं हा माणूस आपल्या दारावरून खाली मान घालून जातोय. चूक तुमची आणि मान त्यांची खाली! हे तरी दिसतं का तुम्हाला तिथून?

उठले आणि म्हटलं, घ्यायची. तर मुलगी म्हणते, "हायब्रिडला वेटिंग आहे मॅडम. चार महिने."

हसूच फुटलं मला. भर शोरूममध्ये खदखदून हसले. पोरीला काय कळणार!

मग कोपऱ्यातली एक दाखवली तिनं. कुणीतरी रंग पटला नाही म्हणून ऐनवेळी सोडलेली. मातकट रंग, बंपरला एक ओरखडा. सोडणारा असेल कुणीतरी तुमच्याचसारखा. तिच्याही मागच्या सीटवर मी झोपून बघितलं.

तुमच्या पद्धतीनं वहीत लिहिलंय. डिकी लहान, अर्धी जागा बॅटरीनं खाल्लेली. तळ खाली, आपल्या गल्लीतल्या गतिरोधकाला घासणार. मागची सीट मधोमध उंच. बक्कल टोचतं, तिथं गोधडी घालायची. आणि खाली एक शब्द लिहिलाय. अख्खी वही चाळली मी, तुमच्या अक्षरात तो कुठंच सापडला नाही.

घेतली.

रोहिणीला कळवलंय. रविवारी येतेय. तिला कळा सुरू झाल्या की गाडी मी काढीन. हमीदभाईंच्या बायकोला तिच्या उशाशी बसवीन. आणि शब्द देते तुम्हाला, रस्ता कसाही असो, गाडी कितीही आदळो, गाडीबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. दवाखाना येईपर्यंत लेकीला नावानं हाका मारत राहीन.

तुमची, अजून रागावलेली,
सुमन