जोडीचं पान

सर, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. गेलेल्या माणसाशी भांडू नये एवढं मलाही कळतं, तरी आज भांडणार आहे. तुम्ही होतात तेव्हा हिंमत नव्हती. तुमच्या तासाला शिंक आली तरी आम्ही ती गिळायचो. भांडणाचं कारण एक मुलगी आहे. नागपूर विमानतळाजवळच्या मिहानमधल्या विमानदुरुस्तीच्या प्रशिक्षण केंद्रातून तिला काढायचं चाललं आहे. ज्या कामासाठी तिला काढताहेत, ते काम तुमच्या वर्गात सुरू झालं. सोमवारी अकरा वाजता बैठक आहे आणि तिचं सगळं त्या बैठकीवर अडलं आहे.

तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतं. लकडगंजातली आपली शाळा, मागच्या आरा मशीनचा आवाज, खिडकीच्या गजांवर लाकडाचा भुसा. मी सातवीत आहे. काळ-काम-वेगाचं एक गणित मला सुटत नाही, म्हणून मी वहीत चौकोन काढते, एका माणसाचं एका दिवसाचं काम म्हणजे एक चौकोन. तीनदा चुकते. चौथ्यांदा मला कळतं की मी कुठे चुकत होते. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता, म्हणून मी ती वही तशीच्या तशी तुमच्या टेबलावर ठेवते. तुम्ही बघता आणि म्हणता, "काय वं पोरी, चित्रं काढून राहिली का? गणिताची वही आहे का ड्रॉइंगची? फाड ते पान. मले घाण दाखवायची नाही." उत्तर बरोबर होतं, सर. तुम्ही खालपर्यंत वाचलंच नाही.

मी पान फाडलं, टोपलीत टाकलं. पण वही पिनांची. एक पान काढलं की त्याच्या जोडीचं, पिनेच्या पलीकडचं पान सुटतं. माझ्या त्या जोडीच्या पानावर आदल्या महिन्याचं गणित होतं, पूर्ण बरोबर, खाली तुमच्याच लाल शाईत 'छान' लिहिलेलं. मी ते हातात धरून उभी राहिले. तुम्ही म्हणालात, "तेही टाक. पुन्हा उतरून काढ." उतरून काढलं, पण 'छान' काही परत आलं नाही. तुमच्या वर्गात आम्ही सगळे या कामात तरबेज झालो. पिना हलक्या हातानं उघडायच्या, दोन्ही पानं एकदम ओढायची, पट्टीनं पिना पुन्हा दाबायच्या, म्हणजे कुणाला कळणार नाही. गणित किती आलं देव जाणे, पण पान काढण्यात आमच्यासारखे कारागीर अख्ख्या पूर्व नागपुरात नसतील. तपासणीला साहेब आले की तुम्ही वह्या पंख्यासारख्या फडफडवून दाखवायचात. "एक खाडाखोड दिसते का पाहा साहेब!" साहेब खूश, तुम्ही खूश, आणि दोनशे पानांची वही एकशे दहावर आलेली कुणी विचारली नाही.

दहावीत तुम्ही मला पेन दिलंत, सगळ्यांसमोर, सर्वांत स्वच्छ वहीसाठी. बाबांनी कामावर, लाकडाच्या टालीवर, आठवडाभर ती गोष्ट सांगितली. मी खूश होते, सर. याचाच सगळ्यात जास्त राग येतो. तुम्ही वाईट असतात तर सोपं होतं. तुम्ही रविवारी फुकट शिकवायचात, ताप असला तरी यायचात, ज्याच्याकडे वही नसेल त्याला स्वतःची द्यायचात. एवढं झटून तुम्ही आम्हाला चूक लपवायला शिकवलंत.

आता मी शिक्षकांना शिकवते आणि वेगवेगळ्या ठिकाणी माणसं कशी शिकतात यावर संशोधन करते. हल्ली आमच्या क्षेत्रात जे वाचायला मिळतं, त्यात फिरून फिरून एकच गोष्ट येते: चूक समोर ठेवली, तिच्यावर बोललं, तर शिकणं टिकतं. वाचताना मला सातवीतले चौकोन दिसतात आणि डोकं तडकतं. मी तीन जागा निवडल्या. पहिली आपली शाळा. तिथे तुमचा हार घातलेला फोटो आहे आणि खाली पोरं अजून पिना उघडताहेत. मी तिथल्या बाईंना विचारलं, काहून फाडता? त्या म्हणाल्या, "अहो मॅडम, ही तर सरांची पद्धत आहे." दुसरी धरमपेठेतली शाळा. तिथे पोरांच्या हातात टॅब, चुकलं की बोट लावलं आणि गेलं, फाडायचीही मेहनत नाही. पोरांच्या आया संध्याकाळी स्वच्छ वह्यांचे फोटो ग्रुपवर टाकतात. तिसरी जागा मिहानमधलं ते केंद्र, आणि तिथे मला पहिल्यांदा वाटलं की हे लोक शिकवताहेत.

तिथे प्रत्येकाची कामाची नोंदवही असते. कोणता बोल्ट किती घट्ट कसला, काय चुकलं, सगळं त्यात. तिथले प्रशिक्षक आपल्याच भागातले, गडी मोकळा. मला म्हणाले, "मॅडम, चूक तर कोणाचीबी होते. एक सीधी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूले सही करा. बस, खतम." मी हे अक्षरन् अक्षर उतरवून घेतलं. किती साधं होतं, सर. एक रेघ. तुम्हाला एक रेघ मारू देता आली नसती?

परवा मी तिथे मागच्या बाकावर बसले होते. प्रशिक्षकांनी एका मुलीची नोंदवही उघडली आणि थांबले. त्यांची मागच्या महिन्याची सही असलेलं पान त्यात नव्हतं. वही सरळ, पिना नीट दाबलेल्या, कागदाची एक चिंधी बाहेर नाही. हे काम मी बसल्या जागी ओळखलं. तिनं एका बोल्टची नोंद चुकवली होती, पान फाडलं होतं, आणि जोडीचं पान सुटलं म्हणून तेही काढलं होतं. त्यावर सही होती हे तिच्या लक्षातच आलं नाही, आणि सहीचं पान काढणं म्हणजे तिथे नोंद नष्ट करणं.

"काहून फाडलं तू?" त्यांनी विचारलं.

"खराब दिसून राहिलं होतं सर. मले वही साफ ठेवायची होती."

"अवं, उद्या खऱ्या विमानावर बोल्ट कमी कसला अन् पान काढून टाकलं, तर आम्हाले समजन कसं? माणसं बसतात त्याच्यात!" त्यांचा आवाज चढला होता, आणि त्यांचं चुकत नव्हतं. मग ते जरा नरमले. "कोणं शिकवलं तुले हे? कोणी सांगितलं असन तर सांग. तेवढं मी वर सांगू शकतो, तुले काढू नये म्हणून."

इथे तुम्हाला एक सांगायला हवं. बी.एड. कॉलेजात शिकवायला लागण्याआधी सहा वर्षं मी आपल्याच शाळेत गणित शिकवत होते, तुमच्या जागेवर, तुमच्या टेबलावर. ती मुलगी माझ्या वर्गात होती. पिना कशा उघडायच्या ते तिला मी दाखवलं होतं, पट्टी माझी होती. "घाण नको" हे शब्दसुद्धा तुमच्याच आवाजात माझ्या तोंडून निघायचे.

तिनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. सरळ पाहिलं. मग त्यांना म्हणाली, "कोणीच नाही सर. माझंच चुकलं."

 मांडीवर वही होती, हातात पेन होतं. मी निरीक्षणात लिहिलं, 'प्रशिक्षणार्थीने कारण सांगितले नाही.' तिनं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, तेही मला माहीत नाही.

म्हणून हा सगळा राग तुमच्यावर काढला. तुमच्यावर काढणं सोपं आहे, तुम्ही उलटून विचारणार नाही. हे पत्र कुठेच जाणार नाही. जायला हवं ते दुसरं आहे, केंद्राच्या प्राचार्यांना, दोन ओळींचं: हिला हे मी शिकवलं, आणि त्या दिवशी मी तिथेच बसले होते. आज शनिवार आहे. तुम्हाला लिहायला सकाळपासून बसले आहे, ते दुसरं अजून सुरू केलेलं नाही.