भिंतीकडे तोंड

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून सगळं लिहितो. नात चार वर्षांची झाली, पण अजून ना शब्द, ना घास. नुसत्या दुधावर आहे. दीड महिन्यात वजन वाढलं नाही तर पोटाला भोक पाडून नळी बसवायची, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून सूनबाईचंही जेवण तुटलंय, म्हणजे घरात न खाणाऱ्या आता दोघी.

तिला खायला शिकवणाऱ्या थेरपीच्या बाई स्वभावाने फार गोड. त्यांनी तोंडात विरघळणारी बिस्किटं दिली आणि बजावलं, की नात जेवताना सगळ्यांनी तिच्या तोंडाकडे टक लावून बघू नका. अर्धवट काम मला जमत नाही, तुला ठाऊकच आहे. आमच्या चारही खुर्च्या भिंतीकडे फिरवल्या. ताटं मांडीवर घेऊन आम्ही भिंत बघत जेवतो, ती एकटी टेबलाशी. ही म्हणते, लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण भिंतीशी इतकी ओळख कधी झाली नव्हती. काल शेजारीण शिडी मागायला आली आणि आम्हाला बघून शिडी न घेताच गेली.

लोभ आहेच, तो आणखी मुरू दे.
तुझा भाऊ

९ मार्च

चि. भावास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

अरे शहाण्या, टक लावू नका म्हणजे पाठ फिरवा, असं कोणी सांगितलं? लहानपणी आईने जरा गप्प बस म्हटलं, तर तू तीन दिवस पाटीवर लिहून बोलायचास! पोरीला वाटेल, आपण घरच्यांना नकोशा झालो. उद्याच्या उद्या बाईंना विचार. नळीचं वाचल्यापासून माझ्याही घशाखाली घास उतरेना. काल शेवटी भिंतीकडे तोंड करून बसले, तेव्हा कुठे पोटभर जेवले. हे कुणाला सांगू नकोस.

जीव आहे तोवर रागावणारी,
ताई

१७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उशिराबद्दल रागावू नकोस. वजन होईपर्यंत पेन हातात धरवेना.

बाईंना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. म्हणाल्या, आजोबा, खुर्च्या सरळ करा आणि आपापलं मजेत जेवा.

त्याच दुपारी केल्या सरळ. पोरगी आली, बघितलं आणि कमरेवर हात! एकेकाला ओढून उठवलं, खुर्च्या फरफटत पुन्हा भिंतीकडे केल्या. माझी काही हलेना. तेव्हा दोन्ही हातांनी माझं तोंड धरून वळवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, तिकडे! चार वर्षांतला पहिला शब्द, आणि तोही हुकूम. मी मुकाट्याने वळलो.

मग पाठीमागे बिस्किट कुर्रर्र वाजलं. जरा वेळाने पुन्हा वाजलं. सूनबाईच्या डोळ्यांना धारा लागलेल्या, मुलगा ताट धरून पुतळ्यासारखा, आणि वळून बघायची कुणाची छाती होईना. ताई, मीही रडलो गं.

काल वजन केलं. सातशे ग्रॅम वाढलंय, नळी रद्द! डॉक्टरांनी विचारलं, ती कुठल्या बाजूने चावते, घास कसा गिळते? आम्ही चौघं एकमेकांची तोंडं बघत राहिलो. तिला खाताना आमच्यापैकी कुणी अजून पाहिलेलंच नाही.

लोभ कर, पाठमोरा असला तरी चालेल.
तुझा भाऊ