पाय घसरला नव्हता

देवळीच्या बाजारातला सागाचा बाक, राहत्या घराची दारं-खिडक्या, नाचणगावातल्या निम्म्या बैलबंड्यांची चाकं, माझी मुलगी नलू हिचा पाळणा आणि ज्यावर हा कागद ठेवून लिहितो आहे ते मेज, हे सर्व मी, घनश्याम सोमाजी भोयर, वय एकावन्न, राहणार नाचणगाव, जिल्हा वर्धा, याने स्वतःच्या हातांनी केलेले आहे. सुतारकी मला कोणी शिकवली नाही, लिहिणंवाचणंही नाही. आज शुद्धीत आहे, अंगात ताप नाही, कोणाचा दाब नाही. माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

घर व शिल्लक पत्नी रुख्माबाईची. मागच्या दाराची कडी उचलून लावावी. रुख्मा ती ओढते, म्हणून दार बिघडतं.

हत्यारे नलूची. जावई म्हणतील, "बाईमाणसाले रंधा कायले?" तर तिच्यासारखी धार त्यांनी लावून दाखवावी, मग बोलावं.

बाक कोणाच्याही वाट्याचा नाही. तो का केला ते लिहितो, वकिलांनी नको म्हटले तरी.

माझा धाकटा भाऊ हरिदास याने जीव दिला. घरातून सांगण्यात आलं, विहिरीवर पाय घसरला. तेरवीला तेच, सोयऱ्यांत तेच. सांगता सांगता आम्हालाही ते खरं वाटू लागलं. पुढे काही वर्षांनी माझं मन तसंच झालं. झोप नाही, रंधा उचलवेना. कारण असं एक नव्हतं. या घरात असा मीच एकटा, असं वाटे. हरिदासचा तर पाय घसरला होता.

एका सकाळी मी मरायला म्हणून घराबाहेर पडलो. गावातली रामबाई शेतात निंदायला चालली होती. "काऊन घनश्यामभाऊ, इकडं कुठं?" मी खरं ते बोलून गेलो. ती ओरडली नाही. म्हणाली, "बसा मंग. मले न्याहारी कराची हाये, एकटीनं घास उतरत नाई." अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. मग मला घरी आणून रुख्माला म्हणाली, "भाऊले एकटं सोडू नको वं." रुख्माने सोडलं नाही. बरं वाटायला फार दिवस गेले, पण वाटलं.

त्यानंतर हा बाक केला, दोघं बसतील इतका. दर बाजाराला त्यावर बसून हरिदासचं आणि माझं, झालं तसं, मोठ्याने सांगतो. चहावाला डोमाजी म्हणतो, "आले बुवा, आता माहा चहा थंडा होते." तरी पहिला कप मलाच आणून देतो. ऐकलेल्यांपैकी काहीजण मागाहून एकटे येऊन बसतात. त्यांची नावं लिहीत नाही; ती माझी मिळकत नव्हे.

सांगण्याची सक्ती माझ्यामागे कोणावर नाही. बाक मात्र तिथेच राहावा. हरिदासविषयी कोणी विचारलं तर खरं सांगावं.

रामबाईस हे मेज, आणि आमच्या घरी न्याहारी, ती येईल तेव्हा. मेजाचं तिला काय काम, असं रुख्मा म्हणते. ते तिचं ती पाहील.

थोरले बंधू चंद्रभानदादा यांना काही ठेवलेलं नाही. हा राग नव्हे. पाय घसरला हे शब्द त्यांचे, आईला जपून बोललेले. वकील म्हणतात, वाटा घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये. आणि या कागदाखाली मला दादांची सही हवी आहे. त्यांनी नाही दिली, तर शेजारच्या मधुकररावांची घ्यावी आणि दादांना काही बोलू नये.

नाचणगाव, दिनांक ९ मार्च १९५८
सही : घनश्याम सोमाजी भोयर

समक्ष वाचून सही करणारे :
१. डोमाजी गोविंदा ठाकरे
२. चंद्रभान सोमाजी भोयर

सहीखाली जोडलेले : दादांनी कागद सगळा वाचला. सही केली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अर्धंच लिहिलं तू. मी बाजारात आलतो, ते काऊन नाई लिहिलं?"

म्हणून लिहितो. मागल्या दिवाळीआधी दादा देवळीला आले, बाकावर माझ्याजवळ बसले, आणि बाक मोडावा, हरिदासचं नाव चारचौघांत घेऊ नये, यासाठी मला पैसे देऊ केले. मी घेतले नाहीत. रक्कम रुपये अकराशे.