बाभळीचं कुंपण

प्रिय संस्कृती,

फोन असताना जिकरा पत्र काहून लिहिते, असं तुला होस्टेलवर वाटेल. फोनवर तू रडशील आणि मी गप्प बसेन, म्हणून.

गावाच्या ज्या सरकारी ई-क्लास जमिनीवर, म्हणजे गुरं चारायच्या रानात, आपल्या तरुण मंडळाने शाळेच्या पोरांकडून कडुनिंब, करंज, सीताफळ लावून घेतलं, तिथे आता सोयाबीन आहे. तुझ्या वडिलांनी, जगदेवकाकांनी, पेरणीआधी ट्रॅक्टर घातला. रोपं उपटलीसुद्धा नाहीत, तशीच नांगरली. माझा भाऊ इमरान आडवा गेला तर काका हसून म्हणाले, "एवढी हौस असंन तर तुह्या अब्बाच्या दुकानात लाव झाडं." पोरं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी होती. त्यांनाच आपण दर रविवारी झाडं कशाला हवीत ते शिकवलं, उन्हाळ्यात घरून बाटलीने पाणी आणायला लावलं. त्यातली सरिता म्हणाली, "ताई, मंग आता आमी काय करावं?"

पण खरा राग कुंपणाचा आहे. बकऱ्या रोपं खातात म्हणून आपणच बाभळीचे काटे तोडून आणले, हात सोलून घेतले, सोमलादादाची जनावरं बाहेर काढली. तो चिडला होता, "सरकारी रान हाये, तुमच्या बापाचं हाये काय?" आपण त्यालाच अडाणी म्हटलं. आणि चौथी बाजू घालायलाच नको, तुमच्या शेताचा धुरा आहेच, हे तूच सुचवलंस. काम वाचलं म्हणून आम्ही खूश. तीन बाजूंना काटे आणि चौथीकडून तुमचं शेत उघडं. तलाठी आला तेव्हा काकांनी ताब्याचा पुरावा म्हणून तेच दाखवलं. "कुंपण माह्यं हाये. माह्या पोरीनं घातलं, विचारा तिले." आपला अध्यक्ष हरीओम खाली पाहत राहिला, त्याचे वडील काकांचं शेत बटईने, पिकाच्या वाट्यावर, करतात.

धुऱ्याचं सुचवताना तुला हे माहीत होतं का? दोन्ही बाजूंनी विचार करून मी थकले. सगळ्यांत जास्त काटे तूच वाहिले होतेस. ते आठवलं की राग कमी व्हायच्या ऐवजी वाढतो.

गुरुवारी तहसीलला या जमिनीची सुनावणी आहे. काका तुला साक्षीला नेणार, असं तुझ्या आईने अम्मीला सांगितलं. मीही जाणार आहे. कुंपण मंडळाचं होतं, ते मी घातलं, इमरानने घातलं, तू घातलंस, आणि धुऱ्याचं तू सुचवलंस, हे सगळं मी सांगणार. अब्बांनी आम्हाला घरात अक्षरांच्या आधी हे शिकवलं की ज्याच्याविषयी बोलायचं, त्याला आधी कळवायचं. म्हणून हे पत्र. उत्तर लिहू नकोस. कुंपण कोणाचं, असं तिथे विचारतील तेव्हा मी समोरच असेन. काकांकडे पाहू नकोस, माझ्याकडेही नको. काय ते सांग.

अजून तरी तुझीच,
जिकरा